दिली रजा

चहापायी कुणाचं राज्य गेल्याचं ऐकिवात नाही, पण चहापायी नोकरी गेल्याचं जळगावात एका हंगामात सगळ्यांनी ऐकलं. नोकरीही ऐऱ्यागैऱ्याची नव्हे. लखीचंदशेठच्या जीनमधलं इंजिन चालवणाऱ्या कौतिक मिस्तरीची. कपाशीतून सरकी निराळी करणारे ते सगळे रेचे त्या एका इंजिनावर फिरत, आणि इंजिन कौतिकच्या हातावर. पहिली लढाई सुरू व्हायच्या आधीपासून तो तिथं होता. इंजिन बंद पडलं तर लोक शेठकडे न बघता मिस्तरीकडे बघत, आणि हे मिस्तरीलाही चांगलं ठाऊक होतं. माणसाला आपली किंमत ठाऊक असावी, पण इतकीही नसावी.

म्हातारे लखीचंदशेठ होते तोवर सगळं सुरळीत होतं. ते वारले आणि गादीवर मुलगा गौतमचंद बसला. गौतमचंद मनानं वाईट नव्हता, पण मुंबईला जाऊन एक कापडगिरणी पाहून आला होता. तिथं भिंतीभिंतीवर नियम रंगवलेले त्यानं पाहिले आणि त्याच्या डोक्यात नियमांचं वारं शिरलं. आल्या आल्या त्यानं इंजिनघरात एक पाटी लावली: आत खाणे, पिणे, विडी, चिलीम मना आहे. कौतिकला वाचता येत होतं. पाटी वाचायची निकड मात्र त्याला वाटली नाही.

कौतिकचा चहा बॉयलरच्या कडेवर शिजायचा. गुळाचा, काळाकुट्ट, पितळी तांब्यात. निखारा बाहेर काढायचा, त्यावर तांब्या ठेवायचा, दिवसातून किती वेळा ते विचारू नये. खरं बोलायचं तर शेठचं यात काही चुकलं नव्हतं. जिथं हवेतसुद्धा रुई उडते तिथं निखाऱ्याशी खेळ म्हणजे आगीला आवतण. पण बरोबर गोष्टही सांगायची एक रीत असते. माघ लागायच्या सुमारास एका सकाळी गौतमचंद इंजिनघरात आला, उकळता तांब्या त्यानं पाहिला, आणि काही न बोलता काठीच्या टोकानं उलटा केला. हमाल बघत होते. मुनीम रुपचंद बघत होता. चहा कौतिकच्या पायापर्यंत वाहत आला.

कौतिकनं चिंधीनं हात पुसले.

"शेठ," तो म्हणाला, "आते माले रजा द्या."

"दिली रजा!" गौतमचंद ओरडला.

आपल्या भाषेत हा शब्द मोठा दुतोंडी आहे. पोर मामाच्या गावाला निघतं ते रजा घेऊन, पाहुणा उठतो तो रजा घेऊन, आणि मालक नोकराला घालवतो तोही रजा देऊनच. रेचे धडधडत होते तरी ते दोन शब्द सगळ्यांनी ऐकले, आणि त्यातली कुठली रजा ते कुणाला विचारावं लागलं नाही. कौतिकनं चिंधी खुंटीला अडकवली आणि मान ताठ ठेवून तो घरी गेला.

घर म्हणजे जीनच्या आवारातलीच खोली, इंजिनघराच्या भिंतीला भिंत. दारात त्याची बायको भागाबाई तांदूळ निवडत होती. आत बाजेवर त्यांची मुलगी ताईबाई पडली होती. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि दिवस भरत आले होते.

"आज इतला लवकर?" भागाबाई म्हणाली. "इंजिन बंद पडं का?"

"इंजिन नही. मी बंद पडनू," कौतिक म्हणाला, आणि सगळी हकीकत त्यानं तिखटमीठ लावून सांगितली. शेवटी तो थांबला. बायको शाबासकी देईल अशी त्याची समजूत होती.

भागाबाईनं सूप खाली ठेवलं. "बरं करं," ती म्हणाली. "आनि ताईनं बायतपन कोठे करू? दरवाजाबाहेर?"

कौतिकच्या तोंडचं पाणी पळालं. खोली नोकरीची होती, नोकरी गेली की खोलीही गेली. गाव एरंडोलकडं, तिथल्या घरात भाऊ वना, त्याची पाच पोरं आणि शेळ्या. शिवाय सुईण कुंदाबाईनं परवाच बजावलं होतं की पोर खाली उतरलंय, आता हिला बैलगाडीत घालाल तर वाटेतच काय व्हायचं ते होईल. जावयाच्या घरी धाडावं तर पहिलं बाळंतपण माहेरानं टाळलं म्हणून सात पिढ्यांना ऐकून घ्यावं लागेल. आणि मूल झाल्यावर सव्वा महिना बाळंतिणीला उंबरा ओलांडू द्यायचा नसतो. कौतिकला दुसरं काम नव्हतं असं नाही. भागाबाईचा भाऊ झुलाल चोपड्याकडं केळीच्या बागेत होता. तिथल्या मालकानं विहिरीवर नवं पाण्याचं इंजिन घ्यायचं ठरवलं होतं आणि झुलाल केव्हाचा कौतिकला बोलवत होता. पण ते सगळं पाडव्यानंतरचं. मधले दिवस कुठं काढायचे? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"शेठना पाय धरू का?" कौतिक हळूच म्हणाला. तसं म्हणतानाच त्याचा चेहरा असा झाला की भागाबाईला त्याची दया आली.

"पाय कसाले धरतस?" ती म्हणाली. "तुमनी ती रजा कोठे गयी? मोठा शेठ दरसाल जमा करे ती?"

त्या रजेची गोष्ट अशी. लखीचंदशेठनं फार वर्षांपूर्वी एका दिवाळीच्या पूजनाला सगळ्यांसमोर सांगितलं होतं की जो कायमचा माणूस हंगामभर खाडा करणार नाही, त्याला पावसाळ्यात पंधरा दिवस भरपगारी रजा. बाकीचे ती घेत आणि गावी जाऊन येत. कौतिकनं एकदाही घेतली नाही. पावसाळ्यात जीन बंद असे तेव्हा हा इंजिन उघडून बसे. शेठ दरसाल म्हणायचे, "कौतिक, रजा घे रे." कौतिक म्हणायचा, "ऱ्हाऊ द्या शेठ, जमा." मग शेठ हसून म्हणायचे, "बरं, जमा." कौतिकला वाटे, आपण पेढीवर काहीतरी ठेवतो आहोत. भागाबाईला काय वाटे ते त्यानं कधी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पेढीवर गेला. गौतमचंद लोडाला टेकून बसला होता, बाजूला रुपचंद मुनीम. आतल्या दाराशी, पदर कपाळाच्या खाली ओढून, शेठची आई लाडकुंवर जपमाळ घेऊन बसली होती. नवरा गेल्यापासून ती तिथंच बसे. बोलत कधीच नसे, पण ऐकत सगळं असे.

"नोकरी मागायला आलास?" गौतमचंद म्हणाला. एरवी तो मिस्तरीला 'तुम्ही' म्हणायचा.

"नही शेठ. नोकरी मी सोडी, ते पक्कं शे. पन मनी रजा बाकी शे. ती भोगसू, मंग जासू. तवलोंग खोली मनी."

गौतमचंद हसला. "रजा म्हणजे काय कापूस आहे, वखारीत रचून ठेवायला? ज्या साली घेतली नाही त्या सालीच ती गेली. आणि नोकरी सोडल्यावर रजा कसली? मेलेल्याला कुणी ताट वाढतं का?"

"वाढतस ना," कौतिक शांतपणे म्हणाला. "पितरपाटामा बठ्ठं गाव वाढस."

रुपचंदला ठसका लागला. त्यानं तोंड फिरवून पगडी नीट केली. कौतिकलाही जोर आला. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, तशातला तो.

"आनि शेठ, काल तुम्ही बठ्ठासमोर काय सांगं? 'दिली रजा' आसंच ना? मंग मी कालपासून रजावर शे."

"अरे, ती रजा निराळी!"

"शब्द ते एकच व्हता."

गौतमचंदनं मुनीमाकडं पाहिलं, मुनीमानं छताकडं पाहिलं. हसण्यावारी न्यावी अशी ही गोष्ट नव्हती. ज्या पेढीवर नुसत्या तोंडाच्या शब्दावर गाड्याच्या गाड्या कापूस विकला जातो, तिथं चारचौघांत दिलेला शब्द 'तो निराळा होता' म्हणून मागं घेणं शोभत नाही. बाजारात एकदा तसं झालं की दुसऱ्या दिवशी दलाल रामराम घालायला थांबत नाहीत.

"गौतम." दारातून आवाज आला. जपमाळ थांबली होती. "तुझे बाबूजी त्याला दरसाल 'जमा' म्हणायचे. मी ऐकलंय."

"पण माजी, किती जमा? त्याला काही हिशेब?"

"हिशेब नाही तर सौदा कर. एवढा बाजारात बसतोस ना?" आणि जपमाळ पुन्हा फिरू लागली.

मग जळगावच्या त्या पेढीवर जे घडलं तसं आधी कुठल्या पेढीवर घडलं नसेल. कापसाचा भाव ठरवताना दोघं हातावर रुमाल टाकतात आणि खाली एकमेकांची बोटं दाबून बोलतात. भोवतीच्यांना आकडा कळू नये म्हणून ही रीत. गौतमचंदनं उपरणं काढलं, आपल्या हातावर टाकलं आणि कौतिककडं हात केला. कौतिकनं आपला तेलानं काळा पडलेला हात त्या पांढऱ्या उपरण्याखाली घातला. रजेचा सौदा सुरू झाला. शेठनं बोटं दाबली, कौतिकनं मान हलवली. कौतिकनं दाबली, शेठनं "छे छे" केलं. एकदा तर शेठ हात काढून घेणार होता, पण आईकडं पाहून त्यानं तो पुन्हा घातला. कुणी किती मागितली, किती सोडली, ते त्या उपरण्यालाच ठाऊक. बाहेर आला तो निकाल एवढाच: गुढीपाडव्यापर्यंत रजा, तोवर खोली कौतिकची, आणि पाडव्याला रिकामी. वर शेठनं एक अट घातली, की रजेवरच्या माणसानं इंजिनघरात पाऊल टाकायचं नाही.

"मान्य," कौतिक म्हणाला. उपरण्यावर त्याची पाची बोटं उमटली होती. ते शेठनं घडी करून बाजूला ठेवलं.

तर कौतिक रजेवर गेला. जन्मात पहिल्यांदा. आणि रजेवर माणसानं करायचं काय असतं, हे काही त्याला येत नव्हतं. सकाळी भोंगा झाला की तो उठून उभा राही आणि मग पुन्हा बसे. दारात बसला की भागाबाईच्या वाटेत, आत बसला की चुलीच्या आड. ताईबाई बाजेवरून हसायची.

"आबा, दिवसना उजेडमा तुम्ही येगळाच दिखतस."

इंजिनाचा आवाज भिंतीतून यायचा. आता पुना नावाचा त्याच्याच हाताखालचा माणूस ते चालवत होता, आणि बरं चालवत होता. हे कौतिकला आवडायचंही आणि लागायचंही. पण दोन-चार दिवसांनी त्याचं लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडं गेलं. इंजिन चालू असलं की भिंत थरथरायची, आणि फळीवरची भांडी हळूहळू कडेकडं सरकायची. भागाबाई काहीही करत असो, पीठ मळत असो की ताईच्या पायांना तेल लावत असो, मधूनच उठायची, न बघता हातानं सगळी भांडी मागं ढकलायची आणि पुन्हा बसायची. तिला स्वतःलाही ते कळत नव्हतं.

"हाई रोजनंच शे का?" कौतिकनं विचारलं.

"काय?"

"भांडा सरकतस ते."

"मंग? भित तुमना इंजिननीच शे ना."

त्या दुपारी त्यानं एक पट्टी शोधून फळीच्या कडेला ठोकली. पण संध्याकाळपर्यंत भागाबाई चार वेळा उठली, फळीपर्यंत गेली आणि तशीच परत आली.

अशीच एक दुपार होती. ताईबाईला सकाळपासून कळा सुरू झाल्या होत्या. कुंदाबाई येऊन आत बसली होती. दाराला कांबळं लावलं होतं, आणि कौतिक बाहेर ओट्यावर, घरातला सगळ्यात निरुपयोगी माणूस म्हणून बसला होता. एकाएकी त्याला कसंतरी वाटलं. काय झालं ते लगेच कळेना. मग कळलं की भिंत थरथरत नाही. इंजिन थांबलं होतं.

थोड्याच वेळात रुपचंद मुनीम धोतर सावरत आला.

"मिस्तरी, पुनाला हिवताप भरला. दात वाजताहेत, हात थरथरतो. त्याला इंजिनाशी उभा करणं धोक्याचं. तिकडं स्टेशनावर मालगाडीच्या वाघिणी येऊन उभ्या आहेत, आज उरलेल्या गाठी बांधून चढल्या नाहीत तर त्या दुसऱ्याला जातील." तो जवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "शेठ म्हणतात, झालं गेलं विसरा. नोकरी पहिल्यासारखी. खोली कायमची. पाडवा-बिडवा काही नाही. फक्त आत्ता या."

कौतिकनं काही ठरवायच्या आधीच त्याचे पाय जोड्यात गेले होते. पाय त्याचे होते, पण सवय इंजिनाची होती. आणि विचार केला तरी त्यात वावगं काय होतं? ज्या खोलीसाठी एवढा आटापिटा केला ती कायमची मिळत होती, तीही शेठ आपण होऊन देत होता. नाक राहत होतं, खोली राहत होती. इथं बसून त्याच्या हातून होणार तरी काय होतं?

कांबळं बाजूला झालं. भागाबाई पाण्याचं पातेलं घेऊन बाहेर आली. तिनं मुनीमाकडं पाहिलं, मग नवऱ्याच्या पायांकडं.

"जायनं व्हई ते जा," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मी काही अडावस नही. ताई झायी तवय बी तुम्ही आसाच जोडा घालीसन हुबा व्हतात. तिनं तोंड तुम्ही पाचवीले देखं. आनि तिना पहिलेना तो पोऱ्या…" ती थांबली. तिनं पातेलं खाली ठेवलं. "तो ते तुम्ही देखाच नही. सक्कायमा उना, सांजले गया. मी भोंगानी वाट देखत बसनू."

मुनीम जमिनीकडं बघत राहिला.

"तुमले वाटस, ती रजा तुम्ही जमा करी," भागाबाई म्हणाली. "ती मनी व्हती. मना दिन कापी कापी तुम्ही शेठकडे ठेवात."

आतून ताईबाई कण्हली. भागाबाईनं पातेलं उचललं.

"मी आठे बसी काय करू?" कौतिकनं विचारलं. तो खरंच विचारत होता.

"काही नही. मानूसनं आठे काहीच काम नही. पन बसा."

ती आत गेली. कौतिकनं उभ्याउभ्याच एक जोडा काढला, मग दुसरा, आणि तो ओट्यावर बसला.

"शेठला काय सांगू?" रुपचंदनं विचारलं.

"सांगा, मी रजावर शे."

रुपचंद गेला. आवारात हमाल गाठींवर बसून राहिले होते. इतक्या वर्षांत हंगामाच्या भर दुपारी या खोलीत कधी इतकं शांत झालं नव्हतं. कौलांवर चिमण्या भांडत होत्या. पलीकडं विहिरीवर रहाट कुरकुरत होता. आत कुंदाबाई हळू आवाजात ताईला धीर देत होती, भागाबाईच्या बांगड्या वाजत होत्या. आपल्या घरात असे आवाज असतात हे कौतिकला माहीत नव्हतं. तो हात मांडीवर ठेवून बसला होता, आणि त्याला भीती वाटत होती. बॉयलरची कधी वाटली नव्हती एवढी.

उन्हं कलली तेव्हा आतून एक बारीक, चिडका आवाज आला. एकदा आला, थांबला, आणि मग मनसोक्त सुरू झाला. कौतिक उठून उभा राहिला. काय करावं ते न सुचून तो भिंतीला हात लावून तसाच उभा राहिला, आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागलं तरी पुसायचं त्याला भान राहिलं नाही.

वाघिणी त्या दिवशी दुसऱ्या जीनला गेल्या. गौतमचंद चार दिवस चिडला, पण खोलीवर माणूस धाडला नाही. उपरण्याखाली दिलेला शब्द त्यानं पाळला, आणि बाळंतिणीचा सव्वा महिना त्याच भिंतीआड सुखरूप गेला. पाडव्याला कौतिक आणि भागाबाई झुलालकडं चोपड्याला गेले ते गेलेच. पण ते सगळं पुढचं.

त्या दिवशी दिवेलागणीआधी भागाबाई बाहेर येऊन ओट्यावर टेकली. दमली होती. "नात शे," ती म्हणाली. "ताई बरी शे."

"रडनी ते ऐकं मी," कौतिक म्हणाला.

तिनं मान हलवली. मग कौतिकनं, तिच्याकडं न बघता, विचारलं, "आपला तो पहिला. तो बी रडना व्हता का?"

"हा," भागाबाई म्हणाली. "मोठा आवाज व्हता त्याना." तिनं पदरानं कपाळ पुसलं. "भितमाईन तुमले ऐकू जाई, आसं वाटनं व्हतं माले."